घसरत्या गाडीचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘घसरत्या गाडीचा इतिहास’ असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि मग त्यांनी नम्रपणे विचारले, की कामगार चळवळीवर काही बोलाल काय? मी म्हटले, विषय कामगारांचाच आहे; फक्त तो जपानातून सांगावा लागेल. त्यांनी ते मान्य केले याबद्दल त्यांचे आभार मानून मुद्द्याकडे वळतो.

या विषयाशी माझा संबंध शौकाने आला नाही, चौकशीच्या कागदांतून आला. १९९९ च्या पावसाळ्यात आंबा घाटात एका माल-वाहतूक कंपनीचा ट्रक घसरला. मागचे टायर गोटा झालेले होते आणि तशी लेखी तक्रार ड्रायव्हरने दोन वेळा दिलेली होती. उतारावर डावे वळण आले, आणि मागचा भाग उजवीकडे, म्हणजे दरीच्या बाजूला, फेकला गेला. ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरविले. गाडी सावरली, डोंगराच्या अंगाला आली आणि गटारात चाक अडकून थांबली. क्लीनरचा हात दुखावला. जीव कोणाचाच गेला नाही. पुढे आठ दिवसांनी त्याच्या हाती आरोपपत्र पडले : ‘वळण डावीकडे असता वाहन दरीच्या दिशेने वळविले.’ बचावाचा प्रतिनिधी म्हणून मी त्याच्याकडे गेलो. तो एवढेच म्हणाला, “अण्णा, मी काय वळवलं नाही. हाताला कळलं तसं केलं.”

हाताला काय कळले, हे चौकशी अधिकाऱ्याला शब्दांत सांगणे माझ्यावर आले. मी काही इंजिनिअर नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात झाले. तेव्हा जुनी पुस्तके धुंडाळली, गॅरेजमधल्या मिस्त्र्यांना विचारले, आणि गाडी घसरते म्हणजे काय होते, हे मुळापासून शिकलो. त्याच वाटेने पुढे जपानी पोरांपर्यंत पोहोचलो. हे लोक गाडी मुद्दाम घसरवितात आणि घसरलेल्या स्थितीतच सबंध वळण पार करतात. याला त्यांच्याकडे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

आधी टायरची गोष्ट समजून घेतली पाहिजे. टायरची रस्त्यावरची पकड ही मजुराच्या महिन्याच्या पगारासारखी असते : ठरलेली. त्यातले काही ब्रेकला खर्ची पडते, काही वेग वाढविण्याला, काही वळण्याला. वळण्यात सगळा पगार संपला असेल आणि वरून आपण ब्रेक दाबला, तर उधारी कोणी देत नाही, चाक घसरते. त्यात पुन्हा ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात, म्हणजे ज्यांचा पगार आधीच थोडा, त्यांचाच कापला जातो. अशा वेळी मागचा भाग बाहेर जातो. माणसाचा पाय भयाने ब्रेककडे जातो, आणि तीच चूक असते. करावयाचे असते ते असे : पुढची चाके ज्या दिशेला मागचा भाग चालला आहे त्या दिशेला वळवायची, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग पुन्हा एका रेषेत येतात. आमच्या ड्रायव्हरने नेमके हेच केले होते. मी चौकशीत टेबलावर काड्यापेटी ठेवली, तिची मागची बाजू बोटाने ढकलली आणि अधिकाऱ्यांना विचारले, की साहेब, आता तुम्ही हिचे तोंड कुठे वळवाल? त्यांनी बराच वेळ पेटीकडे पाहिले.

आता इतिहास. गाडी घसरवीत वळण घेणे हे जपान्यांनी शोधून काढलेले नाही. १९३० च्या दशकात इटलीचा ताझिओ नुव्होलारी शर्यतीच्या गाडीची चारही चाके घसरवीत वळणे घेत असे. त्या काळचे टायर अरुंद, त्यांची पकड कमी. पण ती सुटताना हळूहळू सुटे, एकदम दगा देत नसे. फॅन्जिओ, मॉस ही पुढच्या पिढीची माणसे हेच करीत. स्वीडन-फिनलंडकडे खडीच्या आणि बर्फाच्या रस्त्यांवर वळणाच्या आधी गाडी क्षणभर उलट्या बाजूला झुकवून मग झटक्याने आत टाकण्याची युक्ती रॅलीवाल्यांनी पक्की केली. पुढे टायर सुधारले. पकड वाढली, आणि घसरण्यात वेळ जाऊ लागला. शर्यत म्हणजे घड्याळाशी बांधलेली गोष्ट. तिने ही विद्या टाकून दिली. जपानात ती पुन्हा उचलली गेली ती एका माणसामुळे.

कुनिमित्सु ताकाहाशी १९४० चा. सुरुवातीला तो मोटरसायकलवाला. १९६१ साली पश्चिम जर्मनीत हॉकेनहाइम येथे २५० सी.सी.च्या होंडावर त्याने जागतिक ग्रां प्रि शर्यत जिंकली; असा विजय मिळविणारा तो पहिला जपानी. पुढच्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत तो पडला आणि जबर जखमी झाला. त्यातून उठल्यावर त्याने चार चाके धरली. निसानची स्कायलाइन जी.टी.-आर. ही गाडी १९६९ मध्ये निघाली, तिच्यावर त्याने नाव कमावले; १९७२ साली फुजीच्या मैदानावर स्कायलाइनचा पन्नासावा विजय झाला तोही त्याच्याच हातून. हा गृहस्थ वळणावर वेगात येई, आतल्या टोकाला गाडीचे नाक लावी आणि मग धूर काढीत, तिरक्या गाडीने वळणाबाहेर पडे. कुंपणाशी उभी राहिलेली पोरे हे पाहत. त्यांतला एक नागानो प्रांतातला केइची त्सुचिया. जन्म १९५६ चा.

त्सुचियाला पुढे ‘ड्रिफ्टचा राजा’ म्हणू लागले, पण त्याची वाट राजाची नव्हती. मोटार-शर्यत हा सर्व देशांत पैशाचा खेळ आहे : गाडी, टायर, पेट्रोल, मिस्त्री, मैदानाचे भाडे. ज्याच्यामागे घराणे किंवा कारखाना नाही त्याने कुठे शिकावयाचे? त्सुचिया शिकला तो डोंगरातल्या रस्त्यांवर. १९७७ साली तो नवशिक्यांच्या ‘फुजी फ्रेशमन’ शर्यतीत उतरला खरा, पण रात्रीचा सराव घाटातच चाले.

जपानात घाटाच्या माथ्याला आणि त्या रस्त्याला ‘टोगे’ म्हणतात. नागानो आणि गुन्मा या प्रांतांमधला उसुई घाट घ्या. जुन्या रस्त्यावर १८४ वळणे आहेत आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. शेजारून नवे, सरळ रस्ते झाले, वाहतूक तिकडे गेली, आणि हे जुने घाट रात्री रिकामे पडू लागले. मध्यरात्रीनंतर पोरे जमत. त्यांत गॅरेजमध्ये काम करणारे, पेट्रोलपंपावरचे, कारखान्यात पाळी करणारे, दुकानात माल पोहोचविणारे असत. पगारातले उरलेले सगळे पेट्रोलमध्ये आणि टायरमध्ये जाई. गाडी जुनी असे. जपानात गाडीची सरकारी तपासणी कडक आणि खर्चाची. म्हणून सधन माणूस काही वर्षांत गाडी बदलतो आणि त्याने टाकलेली गाडी पोराच्या हाती स्वस्तात येते.

अशाच गाड्यांत एक होती टोयोटाची ए.ई.-८६. विकली गेली ती कोरोला लेविन आणि स्प्रिंटर त्रुएनो या दोन नावांनी, १९८३ ते १९८७ पर्यंत. साधी, घरगुती म्हणावी अशी. इंजिन १,५८७ सी.सी.चे, वजन हजार किलोंच्याही आत. त्याच काळात जगभर लहान गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना देण्याची रीत पडली होती, कारण त्यात जागा वाचते आणि कारखान्याचा खर्चही वाचतो. या गाडीची ताकद मात्र अजून मागच्या चाकांना होती. ड्रिफ्टला तेच लागते : पुढची चाके दिशा धरतील, मागची चाके घसरतील. टोयोटाने पुढच्या नमुन्यात ही रचना बदलली. म्हणजे कारखान्याच्या हिशेबात जी गाडी जुनाट ठरली तीच या पोरांना हवी होती. १९८४ साली हीच त्रुएनो घेऊन त्सुचिया फुजी फ्रेशमनमध्ये जिंकत गेला आणि गावोगावची पोरे आपल्या जुन्या गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली.

गाडीची तयारी कशी करतात, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण बाहेरच्याला वाटते की मोठे इंजिन बसविले की झाले. जाणता मिस्त्री इंजिनला हातच लावीत नाही. तो आधी ब्रेक पाहतो, बेअरिंगे पाहतो, रबराची बुशिंगे कुजली असली तर बदलतो. मग बसण्याची जागा. गाडी आडवी धावू लागली की माणूस दाराकडे फेकला जातो. तो स्टिअरिंगला लोंबकळू लागला तर स्टिअरिंग फिरविणार कोण? म्हणून कुशीत धरून ठेवणारी खुर्ची आणि पक्का पट्टा. त्यानंतर ड्रिफ्टची खरी किल्ली, म्हणजे डिफरन्शियल. साध्या गाडीत डिफरन्शियल दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देते, पण ही वाटणी भोळ्या बापासारखी असते : जो कमी ओढतो, जो नुसता भिरभिरतो, तोच सगळे उडवितो. वळणात आतले चाक हलके होऊन जागीच फिरू लागते आणि बाहेरच्या, राबणाऱ्या चाकाला काही उरत नाही. यावर तोडगा म्हणजे आत चकत्यांची क्लचसारखी चळत असलेले डिफरन्शियल; ते दोन्ही चाकांना एका जुवाला बांधते. ते महाग असते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो आतले दाते चक्क वेल्डिंग करून जोडून टाकतो. गाडी मग साध्या वळणावरही टायर घासत, कुरकुरत चालते, पण घसरते मात्र मनासारखी.

स्प्रिंगा आणि शॉक-ॲब्सॉर्बर ताठ करतात, म्हणजे वजन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला चटकन जाते आणि गाडीचे म्हणणे हाताला लगेच कळते. पुढची चाके वरच्या बाजूने आत झुकवितात आणि ती नेहमीपेक्षा जास्त कोनात वळतील अशी स्टिअरिंगची सोय करतात. कारण गाडी जितकी तिरकी तितकी चाके उलट दिशेला जास्त वळली पाहिजेत, नाहीतर ती गरकन फिरून तोंड मागे करते. पुढचे टायर चांगले आणि मागचे झिजलेले, ही गरिबाची ठरलेली जोडी. दुकानाने टाकून दिलेले टायर गोळा करून, चार-सहा एकदम बांधून पोरे मैदानावर जातात आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या चिंध्या होतात. आमच्या ट्रकचे मागचे टायर आणि या पोरांचे मागचे टायर सारखेच गोटा होते. फरक एवढाच, की पोरांनी ते स्वतः निवडले होते.

शिकण्याचा क्रम मला फार आवडला, कारण तो खऱ्या उमेदवारीचा क्रम आहे. मोकळे, सपाट मैदान. त्यावर पाणी मारलेले असेल तर उत्तम, कारण ओल्यात कमी वेगात घसरता येते आणि टायरही वाचतो. मधोमध एक शंकू ठेवायचा. दुसऱ्या गिअरमध्ये त्याभोवती फेरी घ्यायची, ॲक्सिलरेटर दाबून मागचा भाग सोडायचा आणि तो सुटलेलाच ठेवून सबंध वर्तुळ पुरे करायचे. ऐकायला सोपे आहे. नवा माणूस शंभर वेळा गाडी गरकन फिरवून बसतो, आणि शंभर वेळा पुन्हा सुरुवात करतो. पाय जरा जास्त पडला तर गाडी फिरते, जरा उठला तर टायर एकदम पकड घेतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला आसूड मारल्यासारखी उसळते. वर्तुळ जमले की दोन शंकू ठेवून आठाचा आकडा. त्यात डावीकडून उजवीकडे वजन फेकण्याचा क्षण शिकावा लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हातातून सैल सोडायचे असते, चाके आपली आपण वळतात, आणि योग्य जागी ते पुन्हा पकडायचे. नजर समोरच्या काचेतून नव्हे, बाजूच्या काचेतून, जिथे जावयाचे तिथे. भिंतीकडे पाहणारा भिंतीवर जातो.

त्यानंतर मागचा भाग सोडण्याच्या निरनिराळ्या रीती. हँडब्रेक ओढून मागची चाके क्षणभर जाम करणे ही सर्वांत सोपी. क्लच दाबून, इंजिनची गती वाढवून, तो एकदम सोडून चाकांना धक्का देणे ही दुसरी. हिच्यात क्लचप्लेट आणि गिअरबॉक्स यांचा बळी जातो. वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारून वजन पुढे आणणे ही नाजूक रीत. तिच्यासाठी एकाच उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक आणि टाचेने ॲक्सिलरेटर अशी कसरत साधावी लागते. आणि सर्वांत देखणी म्हणजे आधी उलट बाजूला हुलकावणी देऊन मग आत शिरण्याची, रॅलीवाल्यांची.

१९८७ साली त्सुचियाची एक चित्रफीत निघाली, ‘प्लुस्पी’ या नावाची. घाटात, रोजच्या रस्त्यावर तो ए.ई.-८६ कशी घसरवितो ते तीत होते. शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी ते मनावर घेतले आणि त्याचा स्पर्धेचा परवाना काही काळ गेला. चित्रफितीच्या प्रती मात्र हातोहात देशभर फिरल्या. आजच्या पिढीतले कितीतरी नामवंत ती पाहून शिकले.

येथे मला थांबावेसे वाटते. पोरांच्या कसबाचे कौतुक मी मनापासून करतो, पण मी रस्त्यावर राबणाऱ्यांचा माणूस आहे. १९७० साली जपानात रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. त्या काळाला तिकडे ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत, आणि ते नाव अतिशयोक्तीचे नव्हते. १९७८ मध्ये टोळीने धोकादायक वाहन चालविण्याविरुद्ध कायद्यात खास कलम आले. घाटातल्या वळणांवर उंचवटे आणि खांब उभे राहिले. घाटात घसरणारा पोरगा स्वतःचा जीव पणाला लावतो असे म्हणतात. पण पहाटे समोरून दूधवाला येतो, भाजीचा टेम्पो येतो, त्याने काही पणाला लावण्याचे कबूल केलेले नसते. तेव्हा पोलिसांची बाजू खोटी होती असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की बंदी घालणाऱ्यांनी मैदानही द्यावयास हवे होते. ते दिले खासगी लोकांनी. फुकुशिमा प्रांतात निहोनमात्सु येथे एबिसु नावाचे मैदान आहे. डोंगराच्या कुशीत, प्राणिसंग्रहालयाला लागून, एकाशेजारी एक लहान लहान मार्ग. तेथे नवशिक्याला भाडे भरून दिवसभर चुका करता येतात. घाटातल्या पोरांना खाली आणण्यात कायद्याइतकाच अशा मैदानांचा वाटा आहे.

पुढे १९९५ मध्ये शुइची शिगेनोची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तिचा नायक टोफूवाल्याचा मुलगा. पहाटे बापाच्या जुन्या ए.ई.-८६ मधून तो घाटावरच्या हॉटेलांना टोफू पोहोचवितो, आणि टोफू मोडू नये म्हणून पेल्यातले पाणी न सांडता वळणे घेण्यास शिकतो. लाखो लोकांनी ही कथा वाचली ती शर्यतींसाठी. मला तीत मालाची ने-आण करणारा कामगार दिसला, ज्याचे कसब रोजच्या कामातून आले आणि ज्याला स्वतःलाच त्याची किंमत ठाऊक नव्हती.

त्याच १९९५ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत झाली. ताकाहाशी, त्सुचिया आणि अकिरा इइदा या तिघांनी एका होंडा एन.एस.एक्स.मध्ये पाळ्या वाटून घेतल्या आणि आपल्या गटात पहिला क्रमांक मिळविला. ताकाहाशी तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. कुंपणाबाहेरचा पोरगा आणि कुंपणाआतला उस्ताद एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसले. या सबंध इतिहासात मला याहून आवडता प्रसंग नाही. ताकाहाशी २०२२ मध्ये वारला.

२००० साली ड्रिफ्टची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. ‘डी-वन ग्रां प्रि’ हे नाव तिला २००१ पासून मिळाले. तिच्या स्थापनेत त्सुचिया होता, आणि ‘ऑप्शन’ मासिकाचा दाइजिरो इनादा होता. घड्याळ नाही, परीक्षक पाहणार : रेषा कशी, कोन किती, वेग किती, आणि ढब कशी. मग दोन गाड्या एकत्र सोडायच्या. पुढच्याने पळायचे, मागच्याने तितक्याच तिरक्या गाडीने त्याला हातभर अंतरावर चिकटून राहायचे. २००४ मध्ये अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ आली. २०१२ च्या सुमारास जपानी स्पर्धेत परीक्षकांच्या डोळ्यांबरोबर गाडीवर बसविलेले यंत्र कोन आणि वेग मोजून गुण देऊ लागले. गिरणीत घड्याळ घेऊन साच्यामागे उभा राहणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. मोजमापाने पक्षपात कमी होतो, हे खरे. यंत्राला जे मोजता येते तेच काम मग लोक करू लागतात, हेही तितकेच खरे. इंजिनांचा जोर वाढत गेला. आज अमेरिकेतल्या स्पर्धेत हजार अश्वशक्तीच्या गाड्या येतात, त्यांच्यामागे कंपन्यांचे पैसे आणि मिस्त्र्यांचे ताफे असतात. पेट्रोलपंपावरचा पोरगा पुन्हा कुंपणाबाहेर उभा आहे.

आमच्या ड्रायव्हरचे काय झाले, हे विचारले जाईल म्हणून सांगतो. त्याला कामावरून काढणार होते. काड्यापेटीनंतर ते टळले. एक वेतनवाढ मात्र रोखली. कारण असे लिहिले, की टायर झिजलेले आहेत हे माहीत असता त्याने गाडी घाटात नेली. नेली नसती तर हुकूम मोडल्याचा आरोप होता. ती वेतनवाढ मिळविण्यास आम्हाला आणखी तीन वर्षे लागली.

एबिसुच्या मैदानावर १३ फेब्रुवारी २०२१ च्या भूकंपात डोंगर कोसळला आणि ड्रिफ्टच्या एका मार्गावर मातीचा ढीग आला. त्याच वर्षाच्या शेवटी टोयोटाने ए.ई.-८६ चे काही सुटे भाग पुन्हा बनविण्याचे जाहीर केले. त्यांत मागच्या ब्रेकचे कॅलिपर आहेत, आणि पुढची चाके वळविणारा स्टिअरिंगचा नकल-आर्मही आहे. पोरांनी टाकाऊ भावात घेतलेली ती गाडी आता संग्राहक विकत घेतात, आणि तिची किंमत गॅरेजमधल्या उमेदवाराच्या आवाक्यात राहिलेली नाही.